साकवाची पाटी

अटलांटा, रविवार रात्र

प्रिय सुऱ्या,

चौदा महिने झाले, माहीत आहे. आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. तब्येत बरी, साखर होती तिथेच.

दादाचा फोन आला होता. साकवाच्या जागी सिमेंटचा पूल झाला, शिमग्याआधी पाटी लावायची, मजकूर मी लिहायचा. "जुना साकव अण्णांनी बांधला, असं एक वाक्य घाल," म्हणाला. मी हो म्हटलं. फोन ठेवल्यापासून झोप नाही.

काल दोन तास गाडी हाकून कोलंबसला गेलो. चॅटाहूची नदीवरचं शहर. (नाव घेताना शिंक आल्यासारखं वाटतं.) अलीकडे जॉर्जिया, पलीकडे अलाबामा, आणि मधल्या धारेत लोक पैसे भरून रबरी होड्यांतून गटांगळ्या खातात. आपण फुकट खायचो.

1832 साली इथल्या पुलाचं कंत्राट जॉन गॉडविननं घेतलं. पूल उभा केला होरेस किंगनं. हा किंग गॉडविनचा गुलाम, म्हणजे कागदोपत्री मालमत्ता. काम मात्र बघावं असं! फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदत जाळीसारख्या, सांध्यांत लाकडी खुंट्या, आणि वर घरासारखं छप्पर, लाकूड भिजू नये म्हणून. रेड ओक क्रीकवरचा त्याचा एक पूल अजून उभा आहे. आबांना तिथे नेलं असतं तर दिवसभर वर मान करून बसले असते आणि शेवटी म्हणाले असते, "बरा आसा."

कोलंबसचा पूल 1841च्या पुरात गेला, यांनी पुन्हा बांधला. 1846त अलाबामाच्या विधिमंडळानं खास कायदा करून किंगला मोकळं केलं. 1865त लढाईत पूल जळाले, तेव्हा पुन्हा किंगच. पुढे तो त्याच विधिमंडळात निवडून गेला. आपले सरपंच एवढ्यात दोन वेळा पडले असते.

पण मी गेलो होतो ते गॉडविनच्या थडग्यासाठी. ते पलीकडे, फिनिक्स सिटीत. गॉडविन 1859त वारला आणि त्याच्यावर दगड बसवला किंगनं. कोरलंय काय, तर हरवलेल्या मित्राच्या आणि पूर्वीच्या धन्याच्या प्रेमाखातर, कृतज्ञतेनं. मित्र आणि धनी, एकाच दमात. मी तासभर तिथे. प्रेम असेल. किंवा त्या काळात, त्या मुलखात मोकळ्या काळ्या माणसाला असं बोलून दाखवणं भाग असेल. आणि सुऱ्या, एक गोष्ट परतताना गाडीत सुचली: धन्याच्या दगडावर किंगनं स्वतःचं नाव कोरून घेतलंय.

तुलना लंगडी आहे, तू म्हणायच्या आधीच सांगतो. आबा कुणाचे गुलाम नव्हते. अण्णांनी मजुरी वेळेवर दिली, दिवाळीला धोतरजोडीही. पण ऐनाचे वासे निवडले आबांनी, कंबरभर पाण्यात उभे राहून खुंट्या ठोकल्या आबांनी, आणि पाटीवर अण्णा. अण्णांना तर पटाशी कुठल्या बाजूनं धरायची तेही ठाऊक नव्हतं.

तू त्या पाटीला शेण फासलंस तेव्हा नाव कुणी सांगितलं? बंड्यानं नाही. इतकी वर्षं तू त्याच्याशी धड बोलत नाहीस. मी सांगितलं. अण्णांनी विचारलं आणि मी सांगून टाकलं. आबांनी तुला मारलं तेव्हा मी तुमच्या पडवीतच होतो, खाली बघत.

चल, ते आता तुझ्याकडे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीचं लग्न ठरलं असं कानावर आलं, आमंत्रण नाही आलं तरी येणार. कारखान्याची जागा विकू नकोस, निदान मला विचारल्याशिवाय.

दादाशी भांडण होणार, ते मी बघतो. पण मजकूर लिहायला बसलो नि अडलो. "कै. गणपत" लिहिलं, "मेस्त्री" लिहिलं, मधली जागा मोकळी. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो, हजेरीत रोज "सुरेश गणपत मेस्त्री" ऐकलं, आणि तुझ्या आजोबांचं नाव मला माहीत नाही. तेवढं लगेच कळव. दादाला शुक्रवारपर्यंत हवंय.

तुझा,
बाळ्या