दोन मिनिटांची गाडी

बदलापूर, 3 नोव्हेंबर

प्रिय विन्या,

दीड वर्षात एक ओळ लिहिली नाही. शिव्या भेटल्यावर घाल. आईचे गुडघे तसेच, माझी साखर तशीच.

रविवारी एकटाच नेरळला गेलो, माथेरानच्या छोट्या गाडीचं शूटिंग करायला. जुम्मापट्टीच्या वर आपल्या त्या वळणासमोर, दगडावर कॅमेरा टेकवून, तुझी फ्रेम घेतली. हो, तुझीच! अख्खा डोंगर आणि त्यात काडेपेटीएवढी गाडी. याच फ्रेमवरून भांडून आपण नेरळ ते बदलापूर एकमेकांकडे पाठ करून बसलो होतो. मला इंजिनाचं तोंड हवं होतं. घरी येऊन पाहिलं, तुझं बरोबर होतं. पक्याला सांगू नकोस.

पण गाडी चालतच नाही रे! ताशी 12 किलोमीटर धर, म्हणजे मिनिटाला 200 मीटर. फ्रेममध्ये उतार अंदाजे 400 मीटरचा. या कडेपासून त्या कडेला जायला दोन मिनिटं! कोण बघणार? मध्ये कापावी तर डोंगर तुटतो, वेग वाढवावा तर जत्रेतलं खेळणं. जवळ जावं तर पुन्हा माझंच इंजिन. रात्री कागदावर आकडे मांडत बसलो, तर ही विचारते, ‘कुणाचं देणं झालंय का?’

मग तुझं ‘आधी आवाज, मग गाडी’ आठवलं. वळणावर चाकं जी किरकिरतात, त्यावर एक मिनिट तरी निभेल. पण ती किरकिर टिपायला कुणीतरी रस्ता रूळ ओलांडतो तिथे हवं. मी एकटा दोन्हीकडे कसा असणार?

वर जाणारी सकाळचीच गाडी धरायची. ऊन त्या अंगाला सकाळीच असतं. दुपारी उतरते तेव्हा डोंगराचीच सावली. गाडी गेली की लगेच टॅक्सीने वर दस्तुरीला, जिथे मोटारींचा रस्ता संपतो, पुढे पॅनोरमा पॉइंटपर्यंत तंगडतोड. ती रमतगमत येते, आपण आधी पोचू. तुझं पोट पाहता, कदाचित.

आणि दिवस थोडे आहेत. पावसाळाभर नेरळहून गाडी नाही, डिसेंबरात गवत पिवळं. हिरवा डोंगर आणि गाडी एकत्र मिळतात ती आत्ताच. 2019 च्या पावसात मार्ग वाहून गेला, तो ऑक्टोबर 2022 पर्यंत आपण नुसते हळहळत होतो.

सायलीला नोकरी लागली म्हणे, छान. वहिनींना सांग, लोणचं संपलं.

शनिवारी पहिल्या लोकलने ये. ट्रायपॉड आण. 2004 पासून तुझ्या माळ्यावर आहे, आणि माझा आहे.

तुझा,
बंड्या