रेघ नाही म्हणजे पॉझिटिव्ह

संपादक महोदय,

झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्यांसाठी लघवी तपासली आणि ती ‘पॉझिटिव्ह’ निघाली, की ‘नशेत होता’ असं छापून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. लघवीवरून एवढं कळत नाही. गोळी नेमकी कधी घेतली, किती घेतली, त्या घटकेला अंमल होता का, यातलं काहीच ती सांगत नाही.

मुळात ही तपासणी ज्या पट्टीवर होते, ती उलटी वाचायची असते. गर्भचाचणीत रेघ उमटली की ‘आहे’. इथे ‘टी’ची (टेस्टची) रेघ उमटली की ‘नाही’. पट्टीत रंगीत प्रतिपिंडं असतात आणि टी-रेघेवर औषधाचाच अंश चिकटवलेला असतो. लघवीत औषध असलं की प्रतिपिंडं वाटेतच त्याला धरतात, मग रेघेला चिकटायला त्यांचे हात मोकळे उरत नाहीत. पुसट रेघ हीसुद्धा रेघच, म्हणजे निगेटिव्ह. ‘सी’ची (कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी) रेघ नसेल तर पट्टी बाद. बहुतेक पट्ट्या ५ मिनिटांनी वाचायच्या असतात. टेबलावर विसरलेल्या पट्टीवर निकाल लिहू नये.

बेन्झोडायझेपिन हा झोपेच्या, गुंगीच्या गोळ्यांचा मोठा गट. त्यासाठीची मर्यादा सहसा मिलिलिटरला २०० किंवा ३०० नॅनोग्रॅम असते. त्याखाली सगळं ‘निगेटिव्ह’, शून्य असेलच असं नाही. शिवाय बऱ्याच पट्ट्या ऑक्साझेपाम किंवा नॉरडायझेपाम ओळखण्यासाठी बनवलेल्या असतात. डायझेपाम शरीरात त्यांतच बदलतं, म्हणून ते सापडतं. क्लोनाझेपाम मात्र ७-अमिनोक्लोनाझेपाम होऊन बाहेर पडतं, लोराझेपाम ग्लुकुरोनाइडला (यकृत औषधाला जोडतं त्या साखरेसारख्या तुकड्याला) बांधलेलं. दोन्ही अनेक पट्ट्यांना नीट दिसत नाहीत. म्हणजे डॉक्टरांनी दिलेली क्लोनाझेपामची गोळी रोज घेणारा रुग्ण ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो आणि त्याने गोळ्या विकल्या असा उगाच संशय घेतला जातो! झोल्पिडेम ही झोपेची गोळी तर या गटातलीच नाही. तिची चाचणी वेगळी मागावी लागते.

उलटंही घडतं. एचआयव्हीवरचं इफाविरेन्झ किंवा नैराश्यावरचं सर्ट्रालिन घेणाऱ्याची काही किटवर खोटी पॉझिटिव्ह येते. नमुना घेण्याआधी चालू औषधांची यादी लिहून घ्यायची ती यासाठी.

किती दिवस सापडतं, याला एक उत्तर नाही. नॉरडायझेपाम अर्धं व्हायलाच साधारण दोन ते चार दिवस लागतात. महिनोन्महिने डायझेपाम घेणाऱ्याच्या लघवीत ते बंद केल्यावरही काही आठवडे निघू शकतं. फिट्सवरच्या फेनोबार्बिटालचंही तसंच. अहवालात ‘ऑक्साझेपाम’ आलं आणि माणूस ‘ही गोळी मी पाहिलीही नाही’ म्हणाला, तर तो खरं बोलत असेल. डायझेपामचाच तो पुढचा टप्पा असू शकतो.

नमुना खरा, ताजाच आहे ना हे कळायला तो घेताच ४ मिनिटांच्या आत तापमान पाहावं, ते ३२ ते ३८ अंश सेल्सियस असायला हवं. क्रिएटिनिन (लघवीतून नेहमी बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) १.००३ पेक्षा कमी, तर लघवी पातळ. त्यात लबाडीच असते असं नाही, भरपूर पाणी प्यायलं तरी असं होतं. नमुना पुन्हा घ्यावा.

पट्टीचा निकाल हा प्राथमिक. त्यावरून कोणाची नोकरी घालवण्याआधी जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस या, नेमकं कोणतं औषध आहे ते ओळखणाऱ्या यंत्रचाचण्यांनी खात्री करावी, आणि त्यासाठी नमुना सुरुवातीलाच दोन बाटल्यांत भरून, माणसासमोर सील करून ठेवावा. दुसरी बाटली नसेल, तर वाद झाल्यावर तपासायला काही शिल्लक राहत नाही.

आपले,
प्रयोगशाळेत काम करणारे काही वाचक