सीमलेसच्या भावात शिवणीचा पाईप

प्रति,
विक्री व्यवस्थापक

विषय : वाफेच्या लाइनसाठी आलेला 80 मिमी पाईपचा माल ऑर्डरप्रमाणे नसल्याने नाकारत असल्याबाबत

महोदय,

इचलकरंजीच्या आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलरपासून जिगर खात्यापर्यंतची (कापड रंगवण्याच्या यंत्रांपर्यंतची) वाफेची लाइन बदलायची आहे. खरेदी ऑर्डरमध्ये आम्ही काही मोघम ठेवलं नव्हतं : 80 मिमी, एएसटीएम ए-106 ग्रेड बी (जास्त तापमानाच्या पाईपचं अमेरिकन मानक), सीमलेस म्हणजे बिनजोडाचा, शेड्यूल 40 जाडीचा, सोबत हीट नंबरसह (पोलाद ओतलं त्या खेपेचा क्रमांक) टेस्ट सर्टिफिकेट आणि आयबीआरचा, म्हणजे भारतीय बॉयलर नियमावलीचा, फॉर्म 3-ए. आपलं बिलही याच वर्णनाचं आणि सीमलेसच्याच भावाचं आहे. टेम्पोतून उतरला तो माल मात्र ईआरडब्ल्यू, म्हणजे पट्टी वळवून कडा विजेने जोडलेला.

हे पहिल्यांदा आमच्या फिटरच्या बोटाला लागलं. पाईपच्या तोंडात बोट फिरवलं की आत एक उभी धार लागते. बाहेरची धार कारखान्यातच तासतात, वर काळा रंग दिला की ती जागा ओळखू येत नाही. आतली पुष्कळदा तशीच राहते. खात्रीसाठी एका नगाचा तुकडा कापून टोक पॉलिश केलं आणि त्यावर नायटल, म्हणजे जोड उघड करणारं आम्लाचं द्रावण, लावलं. जोडाची रेघ स्वच्छ उठली. तापलेल्या भरीव बिलेटला (पोलादाच्या ठोकळ्याला) आरपार भोक पाडून केलेल्या पाईपमध्ये ही रेघ कुठून येणार? शिवाय सगळे नग नेमके 6 मीटरचे आहेत. सीमलेसचा लॉट आला की लांबी कमीजास्त असते, हे आपल्याला मी सांगायला नको.

काही नगांवर काळ्या रंगाखालून लाल पट्टा डोकावतो. आयएस 1239 च्या, म्हणजे साध्या पाईपच्या भारतीय मानकाच्या, पाईपमध्ये हलक्या वर्गाला पिवळा, मध्यमला निळा आणि जड वर्गाला लाल पट्टा असतो. त्यावर ए-106 चा स्टेन्सिल मारला म्हणून आतलं पोलाद बदलत नाही. ग्रेड बी ला किमान 415 मेगापास्कल ताणशक्ती लागते, आयएस 1239 ला 320 पुरते.

आता जाडी. रंग खरवडून वर्नियर लावला तर 4.8 मिमी भरते. शेड्यूल 40 ला 5.49 हवी. यावर आपल्या विक्री अधिकाऱ्यांचं फोनवरचं उत्तर : “साहेब, साडेबारा टक्के मायनस चालतं, आपला माल त्यात बसतोय.” आकडेमोड बरोबर आहे, 5.49 मधून साडेबारा टक्के गेले की 4.80 च उरतात. पण आयएस 1239 च्या जड वर्गात 80 मिमी पाईपची ठरलेली जाडीही 4.8 च आहे, आणि हा योगायोग आपल्याला चांगला ठाऊक असावा. भोक पाडताना मध्य थोडा सरकतो, एक बाजू पातळ होते, समोरची जाड होते. ही सवलत त्या पातळ जागेसाठी आहे. आपला पाईप चहूबाजूंनी सारखाच पातळ आहे. वजनाला तर ही पळवाटही नाही. ए-106 मध्ये वजन साडेतीन टक्क्यांहून जास्त कमी चालत नाही. मीटरला 11.29 किलो धरलं तर 6 मीटरचा नग 67.7 किलो व्हायला हवा. आमच्या काट्यावर एक नग साठ किलोसुद्धा भरत नाही.

सर्टिफिकेट म्हणून एक झेरॉक्स आली आहे. त्यावरचा हीट नंबर एकाही पाईपवर नाही. त्यात सिलिकॉन 0.04 टक्के लिहिलंय, ए-106 ला किमान 0.10 लागतं. कागद जुळवताना निदान तो तरी वाचायचा. फॉर्म 3-ए आलेलाच नाही.

ईआरडब्ल्यू पाईपशी आमचं वैर नाही. थंड पाण्याला आणि फायर हायड्रंटला आम्ही तोच वापरतो. पण या लाइनमध्ये चौरस सेंटिमीटरला साडेदहा किलो दाबाची, साधारण 185 अंशांची वाफ जाणार आहे आणि तिच्याखाली दिवसरात्र माणसं काम करतात. साडेतीन किलोच्या वर दाब गेला की वाफेची लाइन आयबीआरमध्ये येते. बॉयलर निरीक्षक कागद मागतील तेव्हा त्यांना काय दाखवायचं?

माल विक्री अधिनियम 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाचा असावा लागतो. म्हणून हा संपूर्ण लॉट आम्ही नाकारत आहोत. एकही पाईप लाइनला जोडलेला नाही. नमुन्याचा तुकडा आणि फोटो आमच्याकडे आहेत. कलम 43 नुसार नाकारलेला माल परत पोचवणं आमच्यावर नाही, तेव्हा गाडी आपणच पाठवावी.

ऑर्डरप्रमाणे सीमलेस माल मूळ सर्टिफिकेट आणि फॉर्म 3-ए सह 15 दिवसांत पाठवावा. पाईपवरचा हीट नंबर कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही गाडी उतरवून घेणार नाही. ते जमत नसेल तर आगाऊ घेतलेली पूर्ण रक्कम परत करावी. फरकाची क्रेडिट नोट देऊन हाच माल ठेवून घ्या, असा प्रस्ताव आपल्या अधिकाऱ्यांनी दिला होता. तो आम्हाला मान्य नाही.

आपला,
मेंटेनन्स इनचार्ज