अश्वगंधेची बाटली उघडण्याआधी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

अश्वगंधेच्या कॅप्सूल घ्याव्यात का, हे तुम्ही विचारलंत. माझं कामच वनस्पतींचे अर्क तपासण्याचं, म्हणून सविस्तर लिहिते.

‘चिंता, उदासी कमी होते, प्रयोगाने सिद्ध’ असं लेबलवर असतं. तो प्रयोग बहुधा उंदरांवरचा. त्यासाठी आधी अर्क काढतात: अश्वगंधेची मुळं सावलीत वाळवून भरड दळायची, 100 ग्रॅम चूर्ण एक लिटर 70 टक्के अल्कोहोलमध्ये तीन दिवस भिजवायचं, गाळायचं आणि कमी दाबाखाली 45 अंशांच्या आसपास अल्कोहोल उडवायचं. चिकट अर्क उरतो. पाण्यात काढलेला अर्क यापेक्षा पार वेगळा, त्यामुळे एकाचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

चिंतेसाठी जमिनीपासून उंचावर अधिकचिन्हाच्या आकाराची मार्गिका असते: दोन फांद्या भिंतींच्या, दोन उघड्या. पाच मिनिटांत उंदीर उघड्या फांद्यांवर किती वेळ काढतो ते मोजतात; जास्त वेळ म्हणजे चिंता कमी. तुलनेसाठी शेजारी डायझेपाम हे चिंता कमी करणारं औषध दिलेला गट हवाच. तोच उंदीर दुसऱ्यांदा सोडला तर डायझेपामचाही परिणाम दिसेनासा होतो. आधीच्या उंदराचा वास पुसला नाही तरी निकाल बिघडतो. उदासीसाठी पाण्यात पोहायला लावतात आणि सहापैकी शेवटच्या चार मिनिटांत तो किती वेळ निश्चल राहतो ते पाहतात; कमी निश्चल म्हणजे औषध लागू पडलं असं धरतात. इथे मोठी फसगत होते: नुसती तरतरी आणणारा अर्कही उंदराला जास्त हलवतो. म्हणून मोकळ्या चौकटीत त्याची एरवीची हालचाल वेगळी मोजावीच लागते. ही मोजणी नसलेल्या शोधनिबंधावर मी विश्वास ठेवत नाही.

आता मात्रा. मोठ्या उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम दिले, तर शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने माणसासाठी 6.2 ने भागायचं. 60 किलोच्या माणसाला सुमारे 1.9 ग्रॅम अर्क होतो. चूर्णातून 10 टक्के अर्क निघाला असं धरलं, तर 19 ग्रॅम चूर्ण! चमचाभर चूर्ण दुधातून घेऊन त्या प्रयोगाशी तुलना होत नाही.

माणसांवरही चाचण्या झाल्यात. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत 64 जण होते. मुळांचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 60 दिवस दिला आणि ताण कमी झाल्याचं दिसलं. आशा वाटावी असं आहे, पण माणसं थोडी, काळ थोडा.

बाबा, तुमची थायरॉईडची गोळी चालू आहे आणि अश्वगंधेने रक्तातल्या थायरॉईड संप्रेरकांचं प्रमाण वाढू शकतं. आई, तुझी साखर गोळीवर आहे, ती आणखी उतरू शकते. झोपेच्या गोळीबरोबर गुंगी वाढते. क्वचित यकृतालाही इजा झाली आहे, तेव्हा लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली तर लगेच बंद करून डॉक्टरांना दाखवा. लेबलवर पानं लिहिलेली असतील तर ती बाटली नकोच. त्यांत विदाफेरिन-ए हे पेशींना घातक ठरू शकणारं द्रव्य जास्त असतं.

डॉक्टरांनी दिलेली मनाची गोळी मात्र परस्पर थांबवू नका. बाटलीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, तोवर सील फोडू नका.

तुमची,
लेक