जिन्यातली प्रार्थना

शाहूपुरी, कोल्हापूर

ती. आई-बाबांना,
प्रभूमध्ये सलाम.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "चार वर्षं झाली त्या बिल्डिंगमध्ये, शेजाऱ्यांना प्रभूविषयी काही सांगतेस की नाही?" मी "हो, सांगते" म्हणून फोन ठेवला. ते उत्तर अर्धंच होतं, आणि तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून आज मुलं शाळेत गेल्यावर लिहायला बसले.

इथला पहिला नाताळ आठवतो? आठही घरी करंज्या-शंकरपाळ्यांची ताटं दिली होती आणि प्रत्येक ताटात सुवार्तेची एक पत्रिका ठेवली होती. ताटं परत आली, रिकामी नाहीत, कुणी साखर घातली, कुणी दोन केळी ठेवली. पत्रिकेचा शब्द मात्र कुणी काढला नाही. समोरच्या काकी तर पुढे दोन महिने नुसती मान हलवून आत जायच्या. मी रडकुंडीला येऊन तुला सांगितलं, आई, तेव्हा तू समजूत घातली नाहीस. तू विचारलंस, "त्या बाईला काय दुखतं-खुपतं तुला माहीत आहे का? तिचं नाव घेऊन किती दिवस प्रार्थना केलीस?"

एकही दिवस केली नव्हती.

मग ठरवलं, रोज पहाटे चारला उठायचं, तासभर शेजाऱ्यांसाठी गुडघे टेकायचे. नऊ दिवस जमलं. दहाव्या दिवशी धाकट्याला ताप आला आणि सगळं बंद पडलं. महिनाभर मनाला टोचत राहिलं, आणि त्या टोचणीत तर उरलीसुरली प्रार्थनाही गेली. तुझं आठवलं, तू सकाळी चुलीपुढे बसलीस की ओठ हलायचे. तुझी प्रार्थना कामाला बांधलेली होती, म्हणून ती कधी चुकली नाही. मीही तसंच केलं. सकाळी सहाला दुधाची पिशवी आणायला खाली जाते. चार मजले, आठ दारं. प्रत्येक दाराशी पाऊल जरा हळू करायचं आणि मनात एक वाक्य म्हणायचं, एवढंच. जेमतेम तीन मिनिटं लागतात. पण दूध रोज लागतं, त्यामुळे प्रार्थनाही रोज होते.

पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की म्हणायला माझ्याकडे काही नाही. "प्रभू, यांना आशीर्वाद दे" हे आठ वेळा म्हणून झालं की पुढे काय? मागायचं तर माहीत हवं. मग दिसायला लागलं. दुसऱ्या मजल्यावर रात्री दीडलाही दिवा असतो, त्यांचा मुलगा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, दोनदा थोडक्यात गेलंय त्याचं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांच्या दाराबाहेर एकच चप्पल-जोड असते. काकींचे गुडघे खरंच दुखतात, आणि त्याहून जास्त त्यांना लेकाचं दुबईहून न येणं दुखतं. हे सगळं आधीही समोरच होतं. मी पत्रिका वाटण्याच्या घाईत होते.

बाबा, बायबलमध्ये प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा आधी प्रार्थनेत तत्पर राहा म्हटलं, मग देवाने वचनासाठी दार उघडावं म्हणून प्रार्थना करा म्हटलं, आणि त्यानंतर बोलण्याचं काढलं, बोलणं कृपायुक्त आणि मिठाने रुचकर असावं म्हणून. मी हा क्रम उलटा धरला होता.

बोलायची वेळ मी आणली नाही. एका जुलैत पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे चाललं, तेव्हा तळमजल्यावरच्यांचं सामान आम्ही सगळ्यांनी मिळून वर चढवलं. शिलाई मशीन, गाद्या, पिठाचे डबे. मध्यरात्री दमून जिन्यातच बसलो होतो. काकी म्हणाल्या, "सकाळी आमच्या दाराशी थांबून कायतरी पुटपुटतीस, बघितलंय मी. काय म्हणतीस?" मी खरं सांगितलं, येशूकडे तुमच्यासाठी मागते. त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग माझ्या पोराचंबी सांग की त्याला."

मी विचारलं, "आत्ताच मागू का, तुमच्यासमोर?" त्यांनी होकार दिला तेव्हाच मोठ्याने प्रार्थना केली. उपासनेतली भाषा मुद्दाम बाजूला ठेवली. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत, चार वाक्यं, आणि शेवटी येशूच्या नावाने. नाव लपवायचं नाही आणि कुणावर लादायचंही नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

एक चूकही सांगते. काकींच्या घरातली एक गोष्ट मी बायकांच्या प्रार्थनासभेत विनंती म्हणून मांडली, सगळ्या तपशिलासह. आठवड्यात ती फिरून काकींच्या कानावर आली. मी जाऊन माफी मागितली. आता सभेत "एका शेजारणीसाठी" एवढंच म्हणते. बाकी देवाला ठाऊक आहे.

तिसऱ्या मजल्यावरच्यांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "आमचे देव आहेत, आमच्यासाठी वेगळं काही नको." त्यांच्या घरात मी हा विषय पुन्हा काढलेला नाही. त्यांची मुलगी बाळंतपणाला आली तेव्हा डबा मात्र पंधरा दिवस दिला. सकाळी त्यांच्या दाराशी पाऊल अजून हळू होतं. तेवढं मला सोडवत नाही.

बाबा, तुम्ही लहानपणी वाइल्डर मेमोरियल चर्चपुढे उभं करून 1852 साली कोल्हापुरात आलेल्या मिशनरी वाइल्डर साहेबांची गोष्ट सांगायचात. मला आता त्यांच्या मुलांची जास्त आठवण येते. 1863 साली इथेच जन्मलेला रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस, दोघं पुढे अमेरिकेत घरी एकत्र बसून विद्यार्थ्यांसाठी प्रार्थना करायचे. 1886च्या उन्हाळ्यात तिथल्या माउंट हर्मनच्या विद्यार्थी सभेत शंभर विद्यार्थी परदेशी मिशनरी सेवेसाठी पुढे आले. सभेतला रॉबर्ट लोकांना दिसला. मला मात्र ग्रेस डोळ्यांपुढे येते, घरी गुडघ्यांवर.

तर तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर असं: चार वर्षांत आमच्या बिल्डिंगमधून कुणीही उपासनेला आलेलं नाही. काकी कधी कधी संध्याकाळी येतात आणि "त्या आंधळ्याची गोष्ट वाच" म्हणतात. मी बायबल उघडून वाचते. त्या ऐकतात, चहा घेतात आणि अंबाबाईच्या आरतीला जातात. मी थकलेले नाही, बाबा. आधी थकायचे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या आईला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली, "तुझ्या आई-वडिलांनाही सांग." रोज रात्री झोपण्याआधी दोघांनी त्याला आठवा. आणि आई, काकींनी तुझ्यासाठी कांदा-लसूण मसाला दिलाय, यंदाच्या मिरचीचा. शनिवारी हे मिरजेला येतील तेव्हा बरणी पाठवते. बरणी रिकामी परत पाठवू नकोस.

तुमची,
ताई