मत गावाकडे, दुखणं फडात

धारूर,
३० नोव्हेंबर २०२४

प्रिय वसू,

विधानसभेच्या निकालाच्या संध्याकाळी तू फोनवर विचारलंस, ‘तुमच्याकडची ऊसतोडीला जाणारी माणसं एवढं सोसतात, मग मतदानाच्या दिवशी ते सगळं जातं कुठे?’ घरात पाहुणे होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. आठवडाभर तो प्रश्न डोक्यात आहे, म्हणून आज सुट्टीचा शनिवार धरून लिहायला बसले. पत्र लांबेल. दुपारचं आवरून वाच.

तू रागाने विचारलं नव्हतंस, हे मला कळतं. पण लोक विसरतात, असं तू धरून चालली आहेस, ते मला पटत नाही. बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम करणारी अधिकारी, म्हणून लोकसभेला आणि आता विधानसभेला मी मतदार चिठ्ठ्या घेऊन वस्त्या-तांड्यांवर दारोदार फिरले. विसरलेलं मला कोणी भेटलं नाही. बायका चिठ्ठी हातात घेता घेता सांगतात की हातपंप आटलाय, टँकर चार दिवसांआड येतो, पोरीचं लग्न उरकून टाकावं लागलं, कंबर उचलत नाही. सगळं ध्यानात असतं. पण या बोलण्याचा आणि बटण दाबण्याचा संबंध त्या लावत नाहीत, आणि तो का लावत नाहीत हे त्यांच्या बाजूने पाहिलं की मला त्यांना नावं ठेवता येत नाहीत.

या वेळी चिठ्ठी वाटताना सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न ठाऊक आहे? ‘मॅडम, मतदान टोळी निघायच्या आधी आहे का नंतर?’ सरकारने उसाचं गाळप १५ नोव्हेंबरला सुरू करायचं ठरवलं आणि मतदान होतं २० तारखेला. मजूर जमवून नेणाऱ्या काही मुकादमांनी टोळ्या थांबवून धरल्या, काही दिवाळी होताच निघून गेले. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मतदानासाठी गाडीत घालून आणलं आणि दुसऱ्या दिवशी परत फडात नेऊन सोडलं. गाडीत बसताना मत कोणाला द्यायचं, हे कोणी उघड सांगत नाही. सांगावं लागत नाही. उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, देणारा मुकादम, पुढाऱ्याचा गावातला माणूस आणि गाडी पाठवणारा, हे पुष्कळ ठिकाणी एकच असतात.

तिकडे सांगलीत तुझ्या घरचा ऊस आमच्याकडचीच माणसं तोडतात. त्यांना तू दरवर्षी पाहतेस, पण त्यांचा हिशेब तुला कोणी सांगितला नसेल. नवरा-बायकोची जोडी एक कोयता म्हणून धरतात. उचल मिळते ती नवऱ्याच्या हातात, नवऱ्याच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, आणि तरी बहुतेक कागदांवर ती मजूर म्हणून नसतेच. एक दिवस खाडा झाला तर त्याचे पैसे कापले जातात, वर उचलीत भर पडते. पाळी आली म्हणून बसता येत नाही. खोपीजवळ संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, प्यायचं पाणी कोणाच्या तरी मोटारीचं. मग अंगावरून जाणं, ओटीपोट दुखणं सुरू होतं. गावाकडे परत आल्यावर खासगी डॉक्टर सांगतो की गर्भाची पिशवी खराब झालीय, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. तिलाही वाटतं, एकदाची कटकट जाईल, खाडे वाचतील. ऑपरेशनला पुन्हा मुकादमाकडूनच पैसे. तिशीच्या आतबाहेरच्या, दोन-तीन लेकरांच्या आया या. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया.

हे बाहेर आलं ते २०१९ च्या एप्रिलमध्ये. त्याच महिन्यात, १८ तारखेला, बीडचं लोकसभेचं मतदान होतं. दुष्काळ एवढा होता की माणसं चारा छावणीत जनावरांजवळ झोपत होती आणि तिथूनच मतदानाला गेली. प्रचार मात्र बालाकोटवर चालला होता. जूनमध्ये विधिमंडळात उत्तर आलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्या. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासाठी झालेल्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांना विचारलं, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट लागली, तेवढं चांगलं झालं. मग ऑक्टोबरमध्ये विधानसभा आली. मी ऐकलेल्या एकाही सभेत हा विषय निघाला नाही.

का निघाला नाही, यावर मी फार विचार केलाय. लाज हे कारण आहेच. सभेत पुढे पुरुष बसतात, आणि पिशवीबद्दल मंचावरून कोण बोलणार? पण माझ्या मते खरं कारण जागेचं आहे. ही बाई मत देते आमच्या माजलगाव मतदारसंघात. तिचं दुखणं घडतं सांगलीत, कोल्हापुरात, साताऱ्यात, पार बेळगावाकडे. आमच्या आमदाराला ती विचारेल तर तो म्हणेल, फडातल्या संडासाचं मी काय करू, तो कारखाना काय माझ्या हद्दीत आहे? तुमच्याकडच्या आमदाराला ती विचारूच शकत नाही, कारण तिथल्या यादीत तिचं नाव नाही. वर्षातले पाच-सहा महिने जिथे काढायचे तिथे ती मतदार नाही आणि जिथे मतदार आहे तिथे ते महिने कोणाला दिसत नाहीत. मग मतपेटीत या दुखण्याला जागाच उरत नाही. तिने मत कोणाच्या विरोधात द्यायचं, सांग?

आणि जिथे समोर कोणी आहे, तारीख आहे, आकडा आहे, तिथे हीच माणसं किती पक्की असतात बघ. तोडणीच्या दरासाठी कोयता बंद ठेवायची भाषा झाली, बैठकांवर बैठका झाल्या आणि या जानेवारीत शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत ३४ टक्के दरवाढ ठरली. तेव्हा पारावर बसलेला निरक्षर माणूसही टनाचा हिशेब पैशांपर्यंत सांगत होता. दर मागायला कारखानदार समोर असतात. कंबरेचं दुखणं कोणाकडे मागायचं? ते वीस हंगामांत थोडं थोडं साचलेलं असतं.

जातीबद्दल तू बोललीस, तेही लिहिते, कारण तुला ते फार लागलंय आणि मलाही. या मे महिन्यात १३ तारखेला लोकसभेचं मतदान झालं. धारूर, वडवणी, अंबाजोगाई हे तालुके सरकारनेच आधीच्या हंगामात दुष्काळी जाहीर केलेले. तळं कोरडं, ऊन चाळीसच्या वर, आणि गावात विषय एकच, मराठा की ओबीसी. निकाल साडेसहा हजार मतांनी इकडचा तिकडे झाला. त्यानंतर काही गावांत एकमेकांच्या दुकानात न जाण्यापर्यंत गोष्ट गेली. माझ्या वर्गातली पोरं डबा खाताना वेगळी बसायला लागली होती, मी त्यांना उठवून एकत्र बसवलं. हे सगळं वाईट आहे, ते मी झाकणार नाही.

तरी जातीवर मत देणारा माणूस वेडा नाही. त्याच्या पोराला पोलिसांनी रात्री उचललं, बाळंतीण अंबाजोगाईच्या दवाखान्यात अडली, सातबाऱ्यावरचं नाव तलाठी लावून देईना, की तो फोन कोणाला करतो? नियमाने काम होईल असा अनुभव त्याला आयुष्यात आलेला नाही. ‘आपल्या माणसाने’ उचललेल्या फोनने काम झाल्याचा अनुभव मात्र आहे. मत म्हणजे त्याच्या लेखी त्या फोनची सोय. पाणी, जमीन, बायकांची तब्येत हे सगळं मोठं, पण त्यासाठी मत देऊन काही झाल्याचं त्याने कधी पाहिलेलं नाही, तर ती सोय तो कशाच्या भरवशावर सोडेल? सरकारी दवाखाना आणि तहसील बिनओळखीने चालायला लागू दे, मग जातीची पकड किती राहते ते पाहू. मला वाटतं, ती निम्म्याने सैल होईल.

लाडक्या बहिणीच्या पैशांवरून शहरात जे बोललं जातं, ते ऐकून माझा जीव जळतो. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंतचे साडेसात हजार. एका बाजूने २,१०० करू म्हणाले, दुसऱ्या बाजूने तीन हजार देऊ म्हणाले. बायका विकल्या गेल्या, असं म्हणणाऱ्यांनी एकदा बँकेच्या रांगेत येऊन उभं राहावं. जी बाई उसात नवऱ्याइतकीच राबते आणि जिच्या नावावर उचलीचा एक रुपया नसतो, तिच्या स्वतःच्या खात्यावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले. तिने त्याला मान दिला. मला खुपतं ते वेगळंच. एवढ्या बायका एका वेळी मोजल्या जातात, त्यांची खाती उघडतात, आधार जोडले जातात, मग ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची मजूर म्हणून नोंद का होऊ नये? दिवंगत गोपीनाथराव मुंडेंच्या नावाने ऊसतोड कामगारांचं महामंडळ आहे, त्याला टनामागे दहा रुपये कारखान्यांनी द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असं ठरलेलं आहे. त्या पैशांतून फडावर काय पोहोचलं, हे विचारणारी सभा व्हायला हवी होती.

पाण्याचं तर आणखी अवघड आहे, कारण त्यात आम्ही सगळे गुंतलोय. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते तुझ्याच सांगली जिल्ह्यातून. त्या वेळी मराठवाड्यात ऊस नको, असं जो तो बोलत होता. दोन पावसाळे बरे गेले आणि ऊस पुन्हा उभा. शेतकऱ्याला लोभी म्हणणं सोपं आहे. या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये आणि मोंढ्यात चार हजारांच्या आसपास विकलं गेलं. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, कायद्याने ठरलेली आहे, उशिरा का होईना पैसे येतात. मग ज्याला चार महिने पाणी दिसतं तो ऊस लावणारच. शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल बोअर घ्यायला राज्याच्या भूजल कायद्याने मनाई आहे, आणि आमच्याकडे पाचशे-सहाशे फुटांपेक्षा कमी कोणी बोलतच नाही. हा कायदा मी पाळायला लावीन, असं म्हणणारा उमेदवार उभा राहिला तर तो पडेल, आणि पाडणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ असेल. भावाला मी दोष देत नाही. त्याच्या तुरीला, सोयाबीनला उसाइतका भरवसा मिळाल्याशिवाय पाण्याचा प्रश्न कोणत्याच निवडणुकीत खऱ्या अर्थाने येणार नाही, एवढं मला कळतं. कारखाने दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांकडे आहेत, त्यामुळे हे मंचावर काढण्यात कोणालाच फायदा नाही.

आता तुझ्याकडे येते. वसू, मतदार दुर्लक्ष का करतात हे तू आमच्याबद्दल विचारलंस. पण आमच्या बायका आत्ता ज्या फडात आहेत, तिथली मतदार तू आहेस. तुमच्या आमदाराला, कारखान्याच्या संचालकांना तुमच्या घरातली मतं लागतात. त्यांच्याकडे आमच्या टोळीच्या खोपीसाठी आजवर कोणी काही मागितलंय का? मला वाटत नाही. तुमच्याकडेही प्रचारात उसाचा दर आणि वीज एवढंच निघत असणार, कारण टोळी ही पाहुणी, ती मार्चमध्ये जाणार. तू दुखावली जाऊ नकोस. तुला लिहिते कारण तुझं सासरी वजन आहे, आणि दादा माणूस ऐकणारा आहे.

जिल्हा परिषदांच्या निवडणुका २०२२ पासून रखडल्यात, कधीतरी लागतीलच. तुमच्या गटातला उमेदवार दारात आला की त्याला दोनच गोष्टी विचार. हंगामात टोळ्यांच्या वस्तीवर उपकेंद्राची नर्स आठवड्यातून एकदा जाईल का, आणि कारखाना फिरते संडास व प्यायच्या पाण्याची टाकी ठेवेल का. शेजारच्या चार बायकांना सोबत घेऊन विचार, एकटीला तो हसून टाळेल. निवडणुकीची वाट न पाहता दादांनी कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याशी बोलावं, हे तर आत्ताच होण्यासारखं आहे. तुमच्या फडातल्या बायकांशी तू स्वतः जाऊन बोललीस तर मला फार बरं वाटेल. पाळीचं, अंगावरून जाण्याचं त्या आपण होऊन सांगणार नाहीत, पण तू बसलीस तर सांगतील. कोणाला पिशवी काढायचा सल्ला मिळाला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात दाखवायला सांग, गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या तक्रारी पुष्कळ असतात.

आणखी एक काम आहे, ते लगेच कर. माझ्या चौथीच्या वर्गातली मुलं टोळ्यांबरोबर तुमच्या तालुक्यात गेलीत. त्यांच्या आयांजवळ शिक्षण हमी कार्डं दिलीत. ते कार्ड दाखवलं की तिथल्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचं असतं. पण बायका भिऊन शाळेत जात नाहीत आणि पोरं उसाचे वाढे गोळा करत फिरतात. तुमच्या गावच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना भेट, तू डी.एड. झालेली आहेस, तुझं ऐकतील. मुलांची नावं आणि त्यांच्या मुकादमाचा नंबर वेगळ्या कागदावर लिहून याच पाकिटात घातलाय. कोणाला दाखल करून घेतलं ते मला कळव, म्हणजे इथल्या हजेरीत तशी नोंद करता येईल.

आईंना नमस्कार सांग. पोरांना आशीर्वाद.

तुझी,
मंगल