आप्पांना पुण्याला न्यायच्या आधी एवढं वाच

प्रिय मन्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं हं हं करत होतो, एसटीत होतो, रेंज येत-जात होती, पण खरं सांगायचं तर मला लगेच काही बोलताच आलं नाही. आप्पांना पुण्याला नेतो, नाहीच रमले तर एखादा चांगला वृद्धाश्रम बघतो म्हणालास. तुझी काळजी कळते रे मला. तरी तिकीट काढायच्या आधी हे सगळं शांतपणे वाच.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून, म्हणजे दीड महिना झाला, मी इथेच आहे. ती कशी पडली ते तुला नीट सांगितलंच नव्हतं. पहाटे पाचला मागलदारी गेली, पायरीवर शेवाळ धरलेलं, पाय सटकला आणि तिथेच दोन तास पावसात पडून होती. सातला शेजारची काकी फुलं न्यायला आली तेव्हा कळलं. काकी स्वतः ७६ वर्षांची, तिला एकटीला उचलता येईना, मग तिने तुझ्या आप्पांना हाक मारली, ते काठी टेकत आले, वरच्या घरातले तात्या आले, आणि या तिघांनी मिळून आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून पाखाडीने खाली रिक्षापर्यंत आणलं. तिघांचं वय मिळून सव्वादोनशेच्या वर! हे ऐकल्यापासून मला नीट झोप नाही. आपल्या वाडीत आता सत्तरीची माणसं ऐंशीच्या माणसांना सांभाळतायत, आणि तीही थकली की पुढे कोण?

बावीस घरांपैकी नऊ कुलूपबंद आहेत. २००१ ते २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, आणि रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. आपल्याला त्याचं काही वाटलं नाही कारण आपण लहानपणापासून तेच बघतोय, बाप मुंबईला, मनीऑर्डर महिन्याला, आणि घर, शेत, म्हातारे सासू-सासरे सगळं आईच्या अंगावर. आजपर्यंत कोकणात म्हाताऱ्यांची सेवा झाली ती या बायकांनी केली, फुकट. आता त्याच बायका म्हाताऱ्या झाल्यात आणि त्यांच्या सुना ठाण्या-डोंबिवलीत नोकरी करतायत. सुनांना दोष देण्यात काहीच अर्थ नाही. जे काम त्या करायच्या ते आता कोणीतरी पगार घेऊन आणि शिकून करायला पाहिजे, एवढंच आहे. जपानने हे ओळखून २००० सालीच काळजीचा वेगळा विमा सुरू केला, चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो आणि म्हातारपणी घरी येणाऱ्या माणसाचा बराचसा खर्च त्यातून निघतो.

आपल्याकडे काही होतच नाही असं नाही हां. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे २०२२ पासून, सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड आहे, श्रावणबाळचे दीड हजार आहेत. पण मागच्या आठवड्यात काकीला तिच्या दीड हजारांसाठी तालुक्याला घेऊन गेलो तर काय झालं बघ. तिकीट फुकट, पण एसटीची पहिली पायरी एवढी उंच की कंडक्टरने वरून हात धरला आणि मी खालून आधार दिला तेव्हा ती चढली. तिथे मशीनवर अंगठा लागेना. पदराने पुसला, पाण्याने धुतला, तेल लावलं, चार वेळा, पाच वेळा, लाल दिवाच. मी तिचा अंगठा हातात घेऊन बघितला, मन्या, रेषाच नाहीत. आयुष्यभर काजू फोडल्या, त्या चिकाने कातडी जाऊन जाऊन अंगठा नुसता गुळगुळीत झालाय. उद्या या म्हणाले. काकी काहीच बोलली नाही, पिशवीत पासबुक नीट घडी घालून ठेवलं आणि मला म्हणाली, चल बाबा, तुझा खाडा झाला. आणि ते पाच लाखांचं कार्ड हॉस्पिटलात अॅडमिट झालं की कामाला येतं, पण पहाटे पाचला मागलदारी पडलेल्या बाईला उचलायला ते येत नाही.

आता मी काय बघितलंय ते सांगतो. ऑफिसातला माझा एक मित्र केरळातल्या मलप्पुरमचा, त्याच्या वडिलांना बघायला गेलो होतो, अर्धांगवायू होऊन अंथरुणाला खिळलेले. सकाळी दारात जीप आली, एक नर्स आणि बरोबर गल्लीतलीच दोन माणसं, एक रिटायर्ड मास्तर आणि एक किराणा दुकानवाली बाई. नर्सने कॅथेटर बदललं, पाठीची जखम धुतली, आणि कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठे लावायची ते सुनेकडून स्वतः करून घेतलं. तोवर मास्तर म्हाताऱ्याची नखं कापत मासळीचे भाव सांगत बसले होते. पैसे कोणी मागितले नाहीत. ही सगळी सुरुवात कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी १९९३ ला केली, आधी कॅन्सरच्या वेदना कमी करण्यासाठी, मग शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून, आठवड्याचे दोन तास द्या म्हणून, ती गावोगाव गेली, आणि २००८ ला केरळ सरकारने धोरणच केलं, आता पंचायत नर्स ठेवते. तेही आपल्यासारखेच, घरातली पोरं बाहेरगावी, आपली मुंबईला त्यांची गल्फला. मग आपल्याला का जमू नये?

आपल्या मुंबई मंडळाने देवळाच्या सभामंडपाला केवढी वर्गणी काढली आठवतंय ना. मंडळाचे साठ सभासद महिन्याला दोनशे देतील तर बारा हजार होतात. खालच्या वाडीतली एक सून आहे, बारावी झालेली, आशा ताईंबरोबर फिरलेली, पेशंट केअरचा कोर्स करायची तिची तयारी आहे, तिला पगारावर ठेवू, रोज सकाळी ती तेरा घरांत जाईल, बीपी बघेल, गोळ्या घेतल्या का विचारेल, दार उघडलं नाही तर निदान लगेच कळेल तरी. आपली शाळा बंद पडलीय, ती खोली दुपारी बसायला मागू. दहा घरांच्या मागलदारी पाइपाचं हँडल बसवायचं, आमच्याकडे बसवलं, गवंड्याच्या मजुरीसकट बाराशे रुपये झाले, आणि हे आईच्या पडण्याआधी केलं असतं तर, हा विचार डोक्यातून जात नाही.

आप्पांशी मी बोललो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर टीव्हीसमोर बसायचं नाव काढलं की गप्प होतात. इथे ते रोज पडवीत बसून आईला पेपर वाचून दाखवतात, तिचा वॉकर धरून अंगणात दोन फेऱ्या मारायला लावतात. खरं तर तिला उभं त्यांनीच केलंय. उद्या त्यांना काही गंभीर झालं, रात्री-बेरात्री डॉक्टर लागायला लागला, तर मीच तुला सांगेन ने म्हणून. आत्ता नको.

मंडळाची मीटिंग दुसऱ्या रविवारी दादरला आहे, मी येतोय, तू पण ये, तू बोललास तर लोक ऐकतात. आणि नंतर माझ्याबरोबर गावी चल दोन दिवस. येताना आप्पांना रबरी तळाच्या, मागून पट्टा असलेल्या चपला आण, नंबर आठ, मी पाय मापून घेतलाय.

तुझा,
बाळ्या